सुई-दोरा कधी हातात धरलाच नाही? मग फाटलेल्यापासून सुरू करा

दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझा हिशोब एकदम सरळ होता, शर्टाचं बटण तुटलं की शर्ट संपला. तुटलेलं बटण मात्र मी ड्रॉवरमध्ये जपून ठेवायचो (का ते विचारू नका, मलाही माहीत नाही) आणि शर्ट हँगरला तसाच महिनोन् महिने लटकायचा आणि मग एक दिवस फडकं होऊन धूळ पुसायला जायचा. आजीने एकदा ते फडकं उचलून उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाली, "अरे ह्याला झालंय काय? एक बटण तर नाहीये." तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो, पगार मिळवणारा माणूस, आणि मला सुईत दोरा ओवता येत नव्हता.

आता आमच्या वयाची बरीच मंडळी ह्या जुन्या कामांकडे वळलेली दिसतात, कोणी विणतंय, कोणी भरतकाम करतंय, कोणी जीन्सला ठिगळं लावतंय, आणि कारण फार खोल वगैरे नाहीये, दिवसभर स्क्रीनवर जे काम करतो ते संध्याकाळी हातात धरून बघता येत नाही, हे येतं. पण नव्याने सुरू करणाऱ्या दहातले निम्मे महिनाभरात सोडतात असं मी आसपास बघितलंय, आणि जवळजवळ प्रत्येकाची चूक एकच. पहिल्याच दिवशी स्वेटर करायला घेतात. किंवा मशीन आणतात. किंवा चाळीस रंगांच्या रिळांचा डबा आणतात आणि तो डबा बघून बघूनच दमतात.

माझं म्हणणं एवढंच की नवीन काही बनवायला घेऊच नका, आधी घरातलं बिघडलेलं घ्या. ते ऑलरेडी बिघडलंय ना, मग भीती कसली, अजून बिघडलं तर बिघडलं. आणि नीट झालं तर त्याच दिवशी अंगात घालता येतं. खाली ज्या क्रमाने सांगतोय त्याच क्रमाने करा, कारण प्रत्येक पायरीत पुढच्या पायरीचा हात तयार होतो.

पायरी १: कपाट उघडा आणि ढीग करा

बटण तुटलेले कपडे एका बाजूला. बाकीच्यांचे तीन ढीग करा, आणि इथे आपल्या भाषेने काम सोपं करून ठेवलंय. उसवलेलं, फाटलेलं आणि विरलेलं, हे तीन शब्द आपण कसेही वापरतो पण ती तीन वेगळी दुखणी आहेत. उसवलं म्हणजे नुसता शिवणीचा दोरा गेला, कापड शाबूत आहे, काखेत किंवा खिशाला होतं तसं. फाटलं म्हणजे कापडच तुटलं, खिळ्यात अडकून वगैरे. आणि विरलं म्हणजे घासून घासून कापड इतकं पातळ झालं की उजेडासमोर धरलं तर पलीकडचं दिसतं, जीन्सच्या मांड्यांमध्ये, कोपरावर, मोज्याच्या टाचेत.

उसवलेलं पंधरा मिनिटांचं काम आहे. फाटलेल्याला तासभर जातो. विरलेल्याला हात लावण्याआधी आजूबाजूचं कापड बोटांनी हलकं ताणून बघा, तेही करकरत असेल तर त्या कपड्याला नमस्कार करा आणि त्याचेच तुकडे पुढे ठिगळाला ठेवा. मी पहिल्यांदा एक विरलेली चादर दुरुस्त करत बसलो होतो, एका ठिकाणी टाके घातले की शेजारी फाटायची, शिवली की त्याच्या शेजारी. तीन संध्याकाळी गेल्या.

पायरी २: सामान (थोडंच)

वेगवेगळ्या आकाराच्या सुयांचं एक पाकीट, काळा, पांढरा आणि राखाडी दोरा, छोटी धारदार कात्री, टाचण्या, बस. राखाडी का, तर नेमका रंग नसेल तेव्हा तो बहुतेक मध्यम रंगांत बऱ्यापैकी लपतो. रंग निवडताना दोऱ्याचं रीळ कापडावर ठेवून बघू नका, एक पदर सोडवून कापडावर आडवा टाकून बघा, रिळावर दोरा असतो त्यापेक्षा गडद दिसतो. अगदी तोच रंग मिळत नसेल तर किंचित गडद घ्या, फिकट दोरा लगेच डोळ्यात येतो.

सुयांच्या नंबरात एक गंमत आहे. हाताने शिवायच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, म्हणजे १० नंबरची सुई ५ नंबरपेक्षा नाजूक. मशीनच्या सुईचं बरोब्बर उलट, तिथे ९० म्हणजे ०.९ मिलिमीटर जाड आणि १०० म्हणजे पूर्ण एक मिलिमीटर. रोजच्या शर्ट-कुर्त्याला हातसुई ७ ते ९ मधली चालते, जीन्सला जाड घ्या.

घरात जुनी रिळं सापडली तर मोह होतो, पण आधी हातभर दोरा काढून दोन्ही हातांनी झटका द्या. फटकन तुटला तर तो कुजलाय, रीळ कितीही सुंदर असो. पॉलिएस्टरचा दोरा सहसा टिकतो, सुती जुना झाला की दगा देतो. आणि कात्रीबद्दल एकच, तिने कागद कापायचा नाही, पार्सल उघडायचं नाही, आणि घरातल्या बाकीच्यांना हे रागावून सांगावं लागतं, एकदा नाही, दर महिन्याला. मी आता ती लपवूनच ठेवतो.

अंगुस्ताना म्हणजे बोटावर घालायचं ते धातूचं टोपण, तो सुरुवातीला कोणालाच आवडत नाही, मलाही ओझं वाटायचा. जीन्स शिवायला घ्याल त्या दिवशी आपोआप शोधाल.

पायरी ३: दोरा ओवणं आणि गाठ

हसू नका, ही पायरी वगळूनच लोक चिडतात. दोऱ्याचं टोक तिरकं आणि धारदार कात्रीने कापा, दातांनी तोडलं की टोक फिसकारतं. मग टोक अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत इतकं आत धरा की जेमतेम एक-दोन मिलिमीटर बाहेर डोकावेल, आणि सुईचं नेढं त्याच्यावर आणा. दोरा सुईकडे नेलात तर तो वाकतो, सुई दोऱ्यावर आणलीत तर त्याला वाकायला जागाच राहत नाही. नाहीच जमलं तर सुई फिरवून दुसऱ्या बाजूने करा, बऱ्याच सुयांना नेढ्याची एक बाजू जास्त गुळगुळीत असते.

दोरा किती घ्यायचा, तर साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर, बोटाच्या टोकापासून कोपराच्या थोडं पुढे. सगळे नवशिके मीटरभर घेतात, परत परत ओवायला नको म्हणून, आणि मग तो गुंततो, त्याच्या गाठी होतात आणि त्या सोडवण्यात ओवण्याच्या दहापट वेळ जातो. शिवता शिवता दोऱ्याला पीळ बसायला लागला की सुई सोडून द्या, हवेत लोंबकळू द्या, ती भोवऱ्यासारखी फिरून पीळ स्वतःच उलगडते. हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मुद्दाम दोन-तीनदा करून बघितलं होतं.

गाठ मारताना दोऱ्याचं टोक ओल्या पहिल्या बोटाला एकदा गुंडाळायचं, अंगठ्याने ते वेटोळं बोटाच्या टोकाकडे लोळवत न्यायचं, बोटावरून सुटलं की चिमटीत धरून ओढायचं. पहिल्या वीस गाठी लटकतात किंवा भलत्याच जागी बसतात. एकविसावी बसते. टीव्ही बघता बघता नुसत्या गाठी मारत बसा एक दिवस.

पायरी ४: बटण

दोरा दुहेरी घ्या. जुन्या बटणाची जागा शोधा, तिथे सुईची बारीक भोकं आणि दोऱ्याचे तुटके धागे असतात, ते धागे आधी काढून टाका. उलट्या बाजूने सुई आणा, बटण ठेवा, आणि आता खरी युक्ती, बटणाच्या वर दोन भोकांच्या मधोमध एक टाचणी किंवा काडेपेटीची काडी आडवी ठेवा आणि तिच्यावरून टाके घाला. चार भोकांचं बटण असेल तर प्रत्येक जोडीतून तीन-तीनदा पुरे. शेजारच्या बटणांवर टाके समांतर आहेत की फुलीचे ते आधी बघा आणि तसेच घाला, नाहीतर एकच बटण वेगळं दिसतं.

मग काडी काढून घ्या. बटण थोडं सैल होतं, बरोबर, तसंच व्हायला हवं. सुई बटण आणि कापडाच्या मध्ये आणा आणि त्या सैल दोऱ्यांभोवती तीन-चार वेढे घट्ट घाला, म्हणजे बटणाखाली दोऱ्याचा छोटासा खांब तयार होतो. उलट्या बाजूला नेऊन दोन छोटे टाके एकावर एक घालून संपवा.

खांब कशाला, तर बटण लावल्यावर काजाची पट्टी त्या बटणाखाली मावायची असते. मी पहिलं बटण अगदी घट्ट, कापडाला चिकटवून लावलं होतं, फार अभिमानाने, आणि लावल्यावर शर्टाला तिथे चुण्या पडल्या आणि दोन धुण्यांत ते कापडासकट निघायला आलं. जाड कोट असेल तर दोन काड्या ठेवा. आणि हो, मांडीवर ठेवून बटण लावू नका. मी शर्ट स्वतःच्या पायजम्याला शिवलाय. दोन वेळा.

पायरी ५: दोन टाके शिका आणि उसवलेलं शिवा

उशीचा जुना अभ्रा घ्या, त्यावर पेन्सिलने सरळ रेघा मारा. पहिली रेघ धावदोऱ्याची, सुई खाली-वर खाली-वर, टाका आणि मोकळी जागा सारखी. हा टाका झरझर होतो पण ओढला की गोळा होतो, त्यामुळे तो तात्पुरत्या कामाला आणि चुण्या घालायला. दुसरी रेघ उलट्या टिपेची, इथे एक पाऊल मागे आणि दोन पुढे असं चालायचं. सुई पुढे बाहेर काढायची, मागच्या टाक्याच्या टोकाशी परत खाली घालायची, आणि खालून पुन्हा एक टाका पुढे बाहेर काढायची. वरून बघितलं तर मशीन मारल्यासारखी अखंड रेघ दिसते, खालून टाके एकावर एक चढलेले. टाके दोन-तीन मिलिमीटरचे ठेवा. पहिली रेघ नागमोडी येणारच, तिचा फोटो काढून ठेवा, सहा महिन्यांनी बघायला मजा येते.

आता उसवलेल्या ढिगातून पहिल्यांदा पँटचा खिसा उचला. आतला, जो कोणाला दिसत नाही. उलटा करा, जुन्या शिवणीची खूण कापडावर असतेच, त्याच रेघेवरून उलटी टीप घाला. फक्त भोकापुरती नको, भोकाच्या आधी दीड-दोन सेंटिमीटर चांगल्या शिवणीवरून सुरू करा आणि तेवढंच पुढे जाऊन संपवा, कारण उसवलेल्या जागेच्या दोन्ही टोकांना जुना दोरा सैल झालेला असतो आणि उद्या तिथूनच सुटणार असतो.

टीशर्ट आणि लेगिंग्जसारखं ताणणारं कापड असेल तर टाके लहान ठेवा आणि दोरा मुळीच आवळू नका, दर चार-पाच टाक्यांनी कापड हलकं ताणून बघा म्हणजे दोऱ्यात थोडी ढील राहते. मी हे न करता एक टीशर्ट काखेत शिवला, सुंदर शिवला, आणि वरच्या फळीवरचा डबा काढायला हात वर केला तेव्हा जो आवाज आला तो अजून लक्षात आहे.

पँट किंवा कुर्ता खालून आखूड करायचा असेल तर वेगळं फार काही नाही, फक्त नवा सुती कपडा असेल तर आधी धुऊन घ्या कारण तो पहिल्या धुण्यात आटतो, आणि पँट नेहमीचे बूट घालून मापा. दोनदा दुमडा, इस्त्री करा (इस्त्री केली की अर्धं काम झालं समजा), टाचण्या लावा, एकेरी दोऱ्याने आतून हेम (दुमडलेली कड शिवायचा टाका) घाला, आणि बाहेरच्या कापडाचा फक्त एक-दोन धाग्यांएवढा भाग सुईवर घ्या. सुलट बाजूने टाके दिसायला नकोत.

पायरी ६: भोक

इथे मजा सुरू होते. मोजा घ्या, टाचेला भोक पडलेला, कारण मोज्याकडे बघून कोणी नावं ठेवत नाही. आत एखादा टेनिसचा चेंडू किंवा गेलेला गोल बल्ब घाला म्हणजे भोक गोलाईवर पसरतं. मोज्याच्या जाडीचाच दोरा किंवा बारीक लोकर घ्या. भोकाच्या चारही बाजूंना साधारण एक सेंटिमीटर चांगल्या कापडावरून सुरू करून उभे धागे टाका, एकमेकांशेजारी, चांगल्या कापडातून धावदोरा घालत जायचं आणि भोक आलं की नुसतं पलीकडे उडी मारायची. गाठ नको, टाचेला टोचते, सुरुवातीला आणि शेवटी शेपूट सोडून नंतर आत गुंफून टाका.

सगळे उभे धागे झाले की आडवे सुरू. एका धाग्याच्या वरून, दुसऱ्याच्या खालून, परत वरून. पुढच्या ओळीत बरोबर उलट. म्हणजे तुम्ही भोकात अक्षरशः नवीन कापड विणताय, उभा-आडवा ताणाबाणा, मागावर होतं तेच काम तळहातावर. ओळ झाली की सुईच्या टोकाने ती मागच्या ओळीला दाबून घ्या. आणि दर ओळीच्या वळणावर दोरा अगदी ताणून घेऊ नका, धुतल्यावर तो आटला तर सगळा भाग आकसतो. माझा पहिला रफू बटाट्यासारखा दिसत होता पण तो मोजा अजून चालू आहे, त्याचा जोडीदार मात्र हरवला.

जीन्सला ठिगळ आतून लावा. भोकापेक्षा चहूबाजूंनी दोन सेंटिमीटर मोठं, कोपरे गोल कापा कारण टोकदार कोपरा सगळ्यात आधी उचकटतो, आणि ठिगळाचं कापड आधी धुतलेलं असू द्या. ताणणारी जीन्स असेल तर ठिगळही जुन्या ताणणाऱ्या जीन्सचंच हवं, कडक कापड लावलं की त्याच्या कडेला नवीन फाटतं. टाचण्या लावून कच्चा धावदोरा घाला, जीन्स घालून एकदा खाली बसून बघा (टाचण्या काढून, प्लीज), मग पक्कं शिवा.

शिवण लपवायची का दाखवायची हा तुमचा प्रश्न. जपानमध्ये साशिको नावाची पद्धत आहे, शब्दाचा अर्थच साधारण लहान लहान टोचे असा, गडद निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याचा नुसता धावदोरा, पण ओळीने आणि नक्षीत. खेड्यांतले गरीब लोक कापड मिळेना म्हणून थरावर थर शिवून टिकवायचे त्यातून ते आलं, आणि आज लोक तेच हौसेने नव्या जीन्सवर घालतात. तुम्हाला धावदोरा येतो, म्हणजे साशिकोचं अर्धं येतंच. फक्त वळणावर दोऱ्याची थोडी ढील सोडा.

ब्रिटनमध्ये महायुद्धाच्या काळात, १९४१ साली कपड्यांचं रेशनिंग लागलं आणि ते १९४९ पर्यंत चाललं, म्हणजे युद्ध संपल्यावरही चार वर्षं, आणि सरकारच लोकांना जुनं दुरुस्त करून वापरा म्हणून सांगत होतं, पुस्तिका काढत होतं. तेव्हा रफू ही गरज होती. आपल्याला ती हौस म्हणून करता येते, हे मला कधीकधी विचित्र वाटतं, पण असो.

मध्येच एक: "मुलगा असून शिवतोस?"

हे मला इतक्या वेळा विचारलंय की आता उत्तर तयार आहे. ब्रिटिश सैन्यात प्रत्येक सैनिकाकडे सुई-दोरा-बटणांची एक छोटी गुंडाळी असायची, आणि तिचं नावच "हाउसवाइफ" होतं. बंदुकीसोबत हाउसवाइफ खिशात घेऊन फिरायचे. जहाजावरचे खलाशी शिडं स्वतः शिवायचे. एवढं सांगितलं की समोरचा गप्प बसतो, आणि साधारण आठवड्याने एक फाटकी बॅग घेऊन येतो.

त्यावरून आठवलं, "किती छान, माझं पण करून दे ना" ह्या वाक्यापासून सावध राहा. पहिल्या तीन महिन्यांत मी सात जणांच्या पँटा आखूड केल्या आणि माझा स्वतःचा ढीग तसाच. आता मी म्हणतो, ये, बसून तुझं तू कर, सुई मी देतो. दोघं आले. त्यातला एक आता माझ्यापेक्षा बरं हेम घालतो.

पायरी ७: आता लोकर

ढीग संपला, म्हणजे साधारण महिना-दीड महिना गेला, मग लोकर आणा. आधी आणू नका. आणि लोकर आणायला जाताना फिकट रंगाची, गुळगुळीत, मध्यम जाडीची घ्या, काळी किंवा केसाळ घेतलीत तर टाका कुठला आणि सावली कुठली कळत नाही.

दोन सुयांचं विणकाम की क्रोशा (टोकाला आकडा असलेल्या एकाच सुईचं काम), हा वाद लोक तासन् तास घालतात. मला विचाराल तर घाई असलेल्या माणसाने क्रोशा घ्यावा, कारण त्यात एका वेळी सुईवर एकच टाका जिवंत (म्हणजे सुटला तर उसवेल असा) असतो, चुकलं की ओढा, हवं तिथपर्यंत उसवा, परत सुरू. साखळी, मुका खांब आणि खांब, ह्या क्रोशाच्या तीन मूळ टाक्यांवर बरंच काही होतं. दोन सुयांवर सगळे टाके एकदम जिवंत असतात, सुई निसटली की वीसच्या वीस टाके आ वासून तुमच्याकडे बघतात. पण त्याचं कापड मऊ आणि ताणणारं होतं, स्वेटर-मोज्यांना तेच लागतं. आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, दोन सुयांचं विणकाम मशीनवर होतं पण क्रोशा अजून हातानेच करावा लागतो, म्हणजे दुकानात अगदी स्वस्तात क्रोशाचं काही दिसलं तर कोणाच्या तरी हातांना किती कमी मिळालं असेल ते समजून घ्या.

दोन सुयांवर जाणार असाल तर ४ किंवा ५ मिलिमीटरच्या सुया घ्या, वीस टाके घाला, आणि प्रत्येक ओळ नुसती सुलट विणा. उलट टाका नंतर. दोन्हीकडून सारखी, लाटा असल्यासारखी पट्टी तयार होते, कडा मुडपत नाहीत. दर चार ओळींनी टाके मोजा. माझे वीसचे तेवीस झाले, मग सव्वीस, पट्टी पतंगासारखी रुंद होत गेली आणि मला वाटलं लोकरच खराब आहे. झालं काय होतं तर ओळ सुरू करताना लोकर सुईच्या वरून मागे जात होती, त्यामुळे पहिला टाका वर ओढला जाऊन त्याचे दोन पाय दोन वेगळे टाके असल्यासारखे दिसायचे, आणि मी प्रामाणिकपणे दोन्ही विणायचो. ओळ सुरू करायच्या आधी लोकर खालून, सुयांच्या खालून मागे घ्या. एवढंच. टाके कमी होत असतील तर एखादा गळलाय, खाली शिडीसारख्या पायऱ्या दिसतील, क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर उचलत आणायची.

पहिली चौकोनी पट्टी कशाला वापरायची तर गरम भांड्याखाली ठेवू नका जर लोकर अॅक्रिलिक असेल, ती वितळते. कपाखाली, झाडाच्या कुंडीखाली, मांजराखाली, कुठेही.

अंगात घालायचं काही विणायचं ठरलं की मग मात्र आधी १० बाय १० सेंटिमीटरहून थोडा मोठा नमुना विणा, धुवा, वाळवा आणि १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण हिशोब बघा, नमुन्यात २० टाके हवेत आणि तुमचे २२ बसतायत, फरक फक्त दोनाचा, आणि तुम्ही घेराला २०० टाके घातलेत. हवा होता १०० सेंटिमीटर, मिळाला जेमतेम ९१. तो स्वेटर मग लहान भावाला जातो. माझ्या घरी गेलाय.

खऱ्या लोकरीचं धुणं वेगळं असतं, तिच्या केसांवर बारीक खवले असतात आणि गरम पाणी आणि घुसळणं मिळालं की ते एकमेकांत अडकून सगळं आटून जाड नमद्यासारखं होतं आणि ते परत सुटत नाही. थंड पाण्यात भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, आणि आडवं पसरून वाळवा. दोरीवर टांगलं तर ओझ्याने लांबतं.

शिकायचं कोणाकडून

व्हिडिओ ठीक आहेत पण अर्ध्या वेगाने लावा, आणि एका मिनिटाच्या रीलवरून काही शिकायला जाऊ नका, त्यात हात दिसतो आणि चूक कापलेली असते. घरात किंवा शेजारी कोणी येणारं असेल तर त्यांच्याकडे बसा. एकच अडचण, त्यांना शिकवता येतंच असं नाही. आजी म्हणायची "हे बघ, असं" आणि चार टाके झालेले असायचे. मी शेवटी तिच्या खांद्यामागे उभा राहून तिच्या हातांचा व्हिडिओ काढला, समोरून काढला की सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसतं. डावखुरे असाल तर मात्र उजव्या हाताच्या माणसासमोरच बसा, तेव्हा ते उलटं दिसणंच कामाला येतं.

उजव्या हाताने शिवत असाल तर दिवा डाव्या बाजूला हवा, नाहीतर स्वतःच्या हाताची सावली टाक्यावर पडते. एका बैठकीला वीस-पंचवीस मिनिटं पुष्कळ झाली सुरुवातीला, त्यानंतर मान आखडते आणि टाके मोठे व्हायला लागतात. टाके मोठे होताना दिसले की तिथेच थांबायचं, उद्या ते उसवावेच लागतात.

आणि उठायच्या आधी सुया मोजा. मी एकदा नाही मोजल्या, एक सोफ्यात राहिली, ती चार दिवसांनी सापडली आणि शोधली डोळ्यांनी नाही, पायाने. तेव्हापासून पाच घेऊन बसतो, एका छोट्या लोहचुंबकावर चिकटवून, आणि उठताना पाच परत लागल्याशिवाय कोणाला सोफ्यावर बसू देत नाही. पाहुणे असले तरी.